नोंद राहून गेलेली माणसे

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी येथे स्तूपाच्या अवशेषांत एक दानलेख मिळाला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. विसमिता नावाच्या बाईने हे दान दिले आणि ते सगळ्या जीवांच्या सुखाला कारण होवो, अशी इच्छा तिने दगडावर कोरून घेतली. लेख दोन हजार वर्षांहून जुना आहे.

याच पवनीने आपल्याला भार घराण्यातला राजा भगदत्त दिला आणि महाक्षत्रप रुपिअम्म याचा स्तंभही दिला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी त्या लेखांवर विस्ताराने लिहिले. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडा, ही दोन नावे भेटतील. विसमिता मात्र उत्खनन-अहवालाच्या पानांत आणि मोजक्या अभ्यासकांच्या तळटिपांत राहिली. तिच्या गावच्या शाळेतल्या मुलीला तिचे नाव ठाऊक असण्याची शक्यता फार कमी.

भंडाऱ्याच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. दगड घडवणारे, तलावाची पाळ बांधणारे, रात्रभर दंडारीचे लोकनाट्य उभे करणारे, धानाच्या रोवण्यात गाणारे आणि गुरे राखणारे यांनीच या भूभागाला रूप दिले. जिल्ह्याची ओळख सांगताना मात्र आपण किल्ला, राजा, मालगुजार आणि पुढारी यांच्यापाशी थांबतो. राहून गेलेल्या या माणसांची नोंद कोणी केली, कशी केली आणि आता ती कोणी करायला हवी, हे पाहण्यासाठी हा लेख.

टेकडीखालचा स्तूप

वैनगंगेच्या काठावरचे पवनी हे तटबंदीचे जुने गाव. गावाच्या आसपास जगन्नाथ टेकडी, सुलेमान टेकडी, हरदोलाला टेकडी अशी नावे आहेत. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. ज्या उंचवट्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या टेकडी म्हणत होते, त्याच्या पोटात विटांचा प्रचंड स्तूप होता. भोवती दगडी वेदिका होती, तिचे कोरीव स्तंभ होते आणि त्यांवर दान देणाऱ्यांची नावे होती.

या शिल्पांचे नाते भरहूतच्या शिल्पांशी जुळते. बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत तेव्हा रूढ नव्हती. बोधिवृक्ष, रिकामे आसन, चक्र अशा खुणांनी त्याचे असणे दाखवले जाई. पवनीच्या एका शिल्पात पाच फण्यांचा नागराज मुचलिंद आहे, त्याच्या छायेत आसन आहे आणि आसन रिकामे आहे. बाजूला नागाचे नाव कोरले आहे. पावसात भिजणाऱ्या बुद्धावर फणा धरणाऱ्या नागाची ही कथा वैनगंगेकाठच्या कारागिराने दगडात उतरवली. नागाचे नाव राहिले, दान देणाऱ्यांची नावे राहिली, पण छिन्नी धरणाऱ्या हाताचे नाव राहिले नाही.

तरी पवनीच्या दानलेखांचे मोल मोठे आहे. सांची आणि भरहूतप्रमाणे येथेही स्तूप एका राजाच्या तिजोरीतून उभा राहिलेला नाही. पुष्कळ माणसांनी आपापल्या ऐपतीने एकेक दगड दिला आणि त्या माणसांत स्त्रिया होत्या. स्वतःच्या मिळकतीतले देण्याचा अधिकार आणि दिलेल्यावर स्वतःचे नाव घालण्याचा अधिकार, हे दोन्ही विसमितेजवळ होते. पुढच्या दोन हजार वर्षांत या जिल्ह्यातल्या किती बायकांजवळ ते राहिले, हा प्रश्न तिचा लेख वाचल्यावर टाळता येत नाही.

१९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि विदर्भातल्या लाखो माणसांचे या अवशेषांशी नाते नव्याने जुळले. पवनीजवळच्या रुयाड येथील महासमाधीभूमीला आज दूरदूरचे बौद्ध उपासक येतात. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पवनीच्या दानलेखांतली नावे मराठीत वाचायला मिळायला हवीत. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. एक फलक, एक पुस्तिका आणि सांगणारा एक माणूस पुरेसा आहे.

ऐकून लिहिण्याची आपली परंपरा

सामान्य माणसाच्या आठवणींवरून इतिहास लिहिण्याची रीत बाहेरून आली असे अनेकांना वाटते. मराठीत ती सातशे वर्षांहून जुनी आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांचे लीळाचरित्र सिद्ध केले ते माणसांना भेटून, विचारून आणि ऐकून. जी लीळा ज्याच्यासमोर घडली, त्याच्याकडून ती घ्यायची, नागदेवाचार्यांकडून ती पारखून घ्यायची आणि मग लिहायची, अशी ही शिस्त होती. सांगणाऱ्यांत बायका होत्या, वेगवेगळ्या जातींची माणसे होती. म्हणून त्या ग्रंथात तेराव्या शतकातला बाजार, स्वयंपाक, भांडण, आजारपण आणि प्रवास बोलत्या भाषेत उतरला.

या ग्रंथाशी भंडाऱ्याचे जवळचे नाते आहे. चक्रधरस्वामी फिरत फिरत भंडाऱ्याला आले आणि तिथल्या नीळभट्टाने त्यांची साथ धरली. नीळभट्ट भांडारेकार या नावानेच तो महानुभाव परंपरेला माहीत आहे. म्हणजे मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ लिहिला गेला तेव्हा भंडाऱ्याचा माणूस त्यात आपल्या गावाच्या नावासह नोंदला गेला. पुढे मात्र या झाडीमुलखाकडे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याकडे, मराठी साहित्याची पाठच राहिली. पुण्या-मुंबईच्या ग्रंथांत झाडीपट्टी म्हणजे जंगल, भात आणि मागासलेपण, एवढेच चित्र उरले.

मंडईचे दिवस

दिवाळीत भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. भाऊबीज आली की एकेक गाव आपापला दिवस धरते. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, सोयरेधायरे येतात, लग्नांची बोलणी होतात. पाने-सुपारीपासून खेळण्यांपर्यंत दुकाने लागतात. हलक्या जातीचे धान कापणीला आलेले असते आणि भारी धान अजून बांधीत उभे असते. वर्षाच्या कष्टानंतर मिळालेला हा मोकळा श्वास असतो.

मंडईला दंडार हवी, खडीगंमत हवी. खडीगंमतीत कलावंत उभ्यानेच सादर करतात. मधोमध मोकळी जागा, चोहोबाजूंनी माणसे, डफ, ढोलकी, तुणतुणे आणि टाळ. शाहीर गण म्हणतो, मग गवळण येते, लावणी येते, पुढे सवालजबाब आणि वग. लुगडे नेसून नाचणारा नाच्या पुरुषच असतो. दंडारीचेही अनेक प्रकार आहेत: उभ्याने करायची खडी दंडार, बसून करायची बैठी दंडार आणि कथानक घेऊन येणारी परसंगी दंडार. दिवसा नांगर धरणारा, सुतारकाम करणारा किंवा मासे धरणारा माणूस रात्री राजा होतो, राक्षस होतो, राधा होतो. संहिता बहुतेक वेळा कागदावर नसतेच. ती बापाकडून मुलाकडे आणि गुरूकडून चेल्याकडे तोंडोतोंडी जाते.

या कलेला तमाशाचा गरीब भाऊ समजून बाजूला टाकणे फार काळ चालले. ते चुकीचे आहे हे पुराव्यानिशी दाखवण्याचे श्रेय साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांना जाते. झाडीपट्टीत जन्मलेल्या या अभ्यासकाने गावोगाव फिरून दंडारी पाहिल्या, जुन्या कलावंतांना बोलते केले, गाणी व संवाद उतरवून घेतले आणि ‘झाडीपट्टीची दंडार’ लिहिली. झाडीबोलीतले शब्द गोळा करून त्यांचा कोश केला. झाडीबोली साहित्य मंडळाच्या माध्यमातून संमेलनांची चळवळ उभी केली आणि ही संमेलने खेड्यांत भरवली. ज्या बोलीत बोलले म्हणून शाळेत पोरांना हसत, त्या बोलीत कविता वाचणारी माणसे व्यासपीठावर आली. विद्यापीठांनी या लोककलांकडे वळावे यासाठी असा एक माणूस आधी गावांत झिजावा लागला.

झाडीपट्टीच्या नाटकाला आता नाव मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे त्याचे केंद्र, आणि हंगामात रात्र-रात्र चालणारे प्रयोग तिथूनच ठरतात. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींसाठी, जमलेल्या माणसांना रात्री करमणूक हवी म्हणून नाटके उभी राहिली, असे जुने जाणकार मानतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राला या रंगभूमीची आठवण झाली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण नाटकाला तिकीट आहे, जाहिरात आहे, कंपनी आहे. दंडारीला यातले काही नाही. गावाची वर्गणी आणि कलावंतांची हौस एवढ्यावर ती उभी आहे. दंडारीचा एखादा म्हातारा शाहीर गेला की त्याच्याबरोबर त्याला पाठ असलेले सगळेच जाते.

मंचावर नसलेल्या बायका

दंडारीत आणि खडीगंमतीत बाईची भूमिका पुरुष करी, याचा अर्थ बायकांना कला नव्हती असा होत नाही. त्यांचा मंच वेगळा होता. भंडारा हा धानाचा जिल्हा; येथील चिन्नोर तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या धानामागे रोवण्याचे कष्ट आहेत. आषाढ-श्रावणात चिखल केलेल्या बांधीत कमरेत वाकून, हातात पऱ्ह्यांची पेंढी घेऊन बायका ओळीने मागे सरकत रोवणा करतात. पाठीवर पाऊस, पायाखाली चिखल, आणि त्यात गाणे. एकीने उचलायचे, बाकीच्यांनी झेलायचे. माहेर, सासर, देवधर्म, गावातली ताजी घटना आणि बांधावर उभ्या धन्याला मारलेला टोमणा, सगळे त्यात येते.

या गाण्यांना कधी मानधन मिळाले नाही, पुरस्कार नाही, गायिकेचे नावही कोणी टिपले नाही. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पुणे परिसरात, हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे व गावाचे नाव लिहिले गेले. त्या कामाचा खरा धडा या नावांत आहे. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असे लिहून मोकळे होण्यापेक्षा ‘अमक्या गावच्या अमक्या बाईने गायिले’ असे लिहिणे, हा न्यायाचा प्रश्न आहे. रोवण्याच्या गाण्यांसाठी असे काम वैनगंगेच्या खोऱ्यात व्हायला हवे. गुत्त्याने रोवणा होऊ लागला, यंत्रे आली, हातातल्या फोनवर सिनेमाची गाणी आली. वाकून गाणाऱ्या पिढीचे वय झाले आहे.

हीच गोष्ट रेशमाच्या कोशाची. मोहाडी आणि आंधळगावच्या मागांवर विणलेले टसर, करवती काठाची साडी, हे भंडाऱ्याचे भूषण. साडी दुकानात येते तेव्हा तिला काठाचे नाव असते, दुकानाचे नाव असते. ऐनाच्या झाडांवर पाखरांपासून, मुंग्यांपासून किडे राखणारे ढिवर, कोश उकळून धागा काढणाऱ्या बायका आणि माग चालवणारे कोष्टी यांच्यातल्या कोणाचे नाव साडीवर नसते.

तलाव कोणी बांधले?

भंडारा तलावांचा जिल्हा. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत आणि सरकारी भाषेत ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नावात मालगुजार आला आणि बांधणारे बाहेर राहिले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतांतील जाती-जमातींवर चार खंड लिहिले. त्यांत भंडारा-चांदा भागातील कोहळी समाजाची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे म्हणून दिली आहे. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यात असलेला नवेगाव बांधचा जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. लोकांनी त्यांना देव केले; कोलासूर म्हणून ते पुजले जातात. गावाने आपल्या अभियंत्याची आठवण देव करून जपली. मात्र त्या पाळीवर डोक्याने माती वाहणाऱ्या शेकडो बाया-माणसांची आठवण कोणत्याच रूपात उरली नाही.

तलाव म्हणजे नुसता खड्डा आणि बांध नव्हे. पाणी कुठून येते, पाळ कुठे धरायची, पाणी सोडण्याचा तुडूम किती उंचीवर ठेवायचा, कोणाच्या बांधीला आधी पाणी द्यायचे, बोड्या, म्हणजे लहान तळी, तलावाला कशा जोडायच्या, हे सगळे ठरलेले असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जुलूम गेला हे चांगलेच झाले. पण पाण्याची वाटणी, गाळाची साफसफाई आणि पाळीची डागडुजी यांची जी गावरीत होती, तीही त्याच वेळी विस्कटली. तलावांत गाळ भरला, बेशरमाची झाडे माजली.

तलावाच्या पोटात काय आहे हे ज्या समाजाला सर्वांत जास्त ठाऊक होते, त्या मासेमार ढिवरांना कोणी विचारले नाही. मरळ कुठे अंडी घालते, कोणती पाणवनस्पती असली की मासा टिकतो, कोणत्या महिन्यात जाळे टाकू नये, हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज बाहेरून आणून सोडण्याच्या योजनांत त्या ज्ञानाला जागा नव्हती. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांबरोबर बसून हे ज्ञान लिहून काढले. अर्जुनी मोरगाव परिसरात पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जुन्या मासेमारांच्या सांगण्यावरून बेशरम उपटले, देशी पाणवनस्पती परत लावल्या, आणि देशी मासे व पाणपक्षी परतू लागले. पुढे निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रिया या कामात पुढे आल्या. पूर्वी त्यांच्याकडे टोपली डोक्यावर घेऊन मासे विकण्याचे काम असे. आता त्या तलावाच्या कारभारावर बोलू लागल्या. ऐकून लिहिले की तलावसुद्धा जिवंत होतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

उलट उदाहरण भंडारा जिल्ह्यातच आहे. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. त्याच्या पाण्याखाली गावे गेली. घरे आणि शेते मोजली गेली, त्यांचा मोबदला ठरला. गावची मातामाय, आखर, दंडारीचा चौक, घाटावरची मासेमारी यांची मोजणी कोणत्याही रकान्यात बसली नाही.

दुखरी पाने

गावाचा इतिहास लिहिताना फक्त गाणी आणि मंडई लिहिली तर ते खोटे ठरेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी येथे सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि मुलगे सुधीर व रोशन यांना जमावाने ठार मारले. सुरेखाबाई आपल्या शेतजमिनीसाठी ठामपणे उभ्या होत्या, मुलीला शिकवत होत्या. दलित कुटुंबातल्या बाईचा हा ताठ कणा गावाला खुपला. त्याहून लाजिरवाणे हे की पुढचे कित्येक दिवस या हत्याकांडाला मोठ्या वर्तमानपत्रांत नीट जागा मिळाली नाही. विदर्भात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे देशाने ऐकले. भंडाऱ्याच्या ग्रामजीवनावर लिहिणाऱ्याने हे पान उलटून पुढे जाता कामा नये.

दुसरे पान गोवारींचे. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गावाच्या आखरावर सजवलेली गुरे जमतात, उंच बांबूला बांधलेली ढाल निघते, डफ आणि बासरी वाजते, गोवारी नाचतात. झाडीपट्टीच्या दिवाळीला रंग देणारा हा समाज. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन तो नागपूरला विधिमंडळावर गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कायद्याचा वाद कायद्याने सुटेल. पण ज्यांच्या नाचावर आपण दिवाळी साजरी करतो, त्यांची गाणी, त्यांची ढाल, त्यांच्या घरातल्या १९९४ च्या आठवणी लिहून ठेवायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.

आता कोणी लिहायचे?

बाहेरून संशोधक येईल, अनुदान मिळेल, मग नोंद होईल, अशी वाट पाहण्याइतका वेळ उरलेला नाही. बोरकर असोत की राजनकर, कामाची सुरुवात गावात बसून ऐकण्याने झाली. म्हाइंभटांनीही तेच केले होते. आज प्रत्येक घरात आवाज टिपणारा फोन आहे. मंडईला शहरातून आलेली शिकलेली लेक आहे, जावई आहे, नातू आहे.

म्हणून झाडीपट्टीतल्या प्रत्येक वाचकाला विनंती आहे. येत्या मंडईत गावच्या एका म्हाताऱ्या शाहिराला, रोवण्यात गाणाऱ्या एका बाईला, तलावाचे पाणी वाटून देणाऱ्या किंवा जाळे टाकणाऱ्या एका माणसाला तासभर बोलते करा. आवाज टिपा. माणसाचे नाव, गाव, वय आणि दिवस लिहा. ‘अज्ञात’ हा शब्द वापरू नका. सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि टिपलेल्याची एक प्रत त्याच्या घरी द्या. दुसरी प्रत शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. ग्रामपंचायतींनी आपल्या तलावाच्या पाळीवर तो कोणी बांधला, कोणत्या समाजांनी राखला, हे लिहिलेला फलक लावावा. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मराठीच्या विद्यार्थ्यांना अशा नोंदींचेच काम द्यावे. एका गावाने एका दिवाळीत तीन माणसे टिपली, तरी जिल्ह्याकडे काही वर्षांत हजारो माणसांचा स्वतःच्या तोंडून सांगितलेला इतिहास जमेल. हे काम यंदाच सुरू करा.